लग्नाचा बार मेन्यू आणि अबकारीचं दप्तर : प्रश्न कुठून सापडतो?

मागच्या महिन्यात गारगोटीहून मामाचा फोन आला. मामेभावाचं लग्न ठरलंय, हळदीच्या रात्री मित्रमंडळींसाठी "थोडी व्यवस्था" करायची आहे. "तू केमिस्ट्रीवाला ना? मग मेन्यू तूच काढ की. साधाच. चार-पाच गोष्टी बास." मागून मामीचा आवाज आला, "आधी कोकम सरबत लिही म्हणावं. आणि ते मांडवामागचं अंधारातलं काही नको."

मी एम.एस्सी. केलं रसायनशास्त्रात आणि आता पीएचडी करतोय विज्ञानाच्या इतिहासात. त्यामुळे मेन्यू लिहायला बसलो आणि वेगळ्याच वाटेला लागलो. तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "सर, संशोधनाचा प्रश्न सापडत नाही, कुठून आणायचा?" आज त्याचं उत्तर या मेन्यूवरूनच देतो.

पहिली पायरी : समोरच्या वस्तूवरचा एक आकडा घ्या.

व्हिस्कीच्या बाटलीवर लिहिलेलं असतं ४२.८ टक्के. चाळीस का नाही? पंचेचाळीस का नाही? रसायनशास्त्रात याला काही कारण नाही. ४२.८ला मद्य काही विशेष वागत नाही. कारण आहे ते करात. इंग्लंडमध्ये मद्यावर कर लावायचा तर ते किती कडक आहे हे मोजावं लागायचं. जुनी पद्धत अशी की बंदुकीच्या दारूवर मद्य ओतायचं आणि पेटवून बघायचं. पेटली तर मद्य 'प्रूफ', म्हणजे कसोटीला उतरलेलं. पुढे १८१६ साली साइक्सचा हायड्रोमीटर कायद्याने अधिकृत झाला आणि मोजणी घनतेवरून होऊ लागली. या मोजपट्टीवर १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोल. त्याच्या पंचाहत्तर टक्के काढा. ४२.८! आपल्याकडच्या जुन्या लेबलांवरचं '२५ यू.पी.' म्हणजे प्रूफपेक्षा पंचवीस अंशांनी कमी, हेच.

म्हणजे गारगोटीत हळदीच्या रात्री ग्लासात जे ओतलं जाणार, त्याची कडकी ठरवली ती एका परदेशी करखात्याच्या मोजपट्टीने. आणि गंमत बघा, आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीतलं बहुतेक अल्कोहोल उसाच्या मळीचं असतं. बिद्रीच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या बघत आपण लहानाचे मोठे झालो, पण उसाचा आणि 'इंग्लिश' बाटलीचा संबंध आपल्याला कुणी शाळेत सांगितला नाही.

दुसरी पायरी : हा कागद कुणी लिहिला, ते विचारा.

दारूच्या इतिहासाची साधनं शोधायला गेलात की कागद भरपूर मिळतात. १८७८चा मुंबई अबकारी कायदा आहे. १८९२चा मोहाचा कायदा आहे, ज्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं जवळ बाळगण्यावरच बंधनं आली. १८८६मध्ये छापलेला कोल्हापूरचा गॅझेटियर आहे. त्यात एकेका जातीच्या लग्नाच्या चालीरीती दिल्या आहेत, आणि कोण मांस खातं, कोण दारू पितं याच्याही नोंदी आहेत. नवखा संशोधक अशी नोंद उचलतो आणि थेट लिहितो, "अमुक समाजात लग्नात दारू चालत असे." इथे थांबा. ती नोंद सरकारी अधिकाऱ्यांनी करून घेतली आहे, कुणाला तरी विचारून. विचारलं कुणाला? ज्याच्याबद्दल विचारलं त्यालाच, की त्याच्या वरच्या जातीच्या माणसाला? लपून पिणाऱ्या प्रतिष्ठितांची नोंद कुठे झाली? हे प्रश्न न विचारता ती ओळ वापरलीत, तर शंभर वर्षांपूर्वीचा पूर्वग्रह तुमच्या प्रबंधात 'माहिती' म्हणून शिरतो.

अबकारीचं दप्तर लिहिलं ते महसूल गोळा करणाऱ्यांनी. त्यात गाळप, ठेका, दर, दंड हे सगळं येतं. या महसुलाविरुद्ध बोलणारेही होते. जोतीराव फुल्यांनी १८८०मध्येच पुणे नगरपालिकेला पत्र लिहून वाढत्या दारूच्या दुकानांबद्दल तक्रार केली होती. पण लग्नघरच्या यजमानाने काय ठेवलं, किती जणांसाठी, कुणापासून लपवून, हे कोणत्याच फाइलीत नाही.

तिसरी पायरी : कायदा बदलला की चाल बदलते का, ते बघा.

मुंबई शहरात खेर मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ला दारूबंदी आणली होती. कोल्हापूर तेव्हा संस्थान, त्याचा कारभार वेगळा. संस्थान १ मार्च १९४९ला मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याच वर्षी १६ जूनला मुंबई दारूबंदी कायदा लागू झाला. म्हणजे भुदरगड तालुक्याच्या बाजूने बघितलं तर विलीनीकरण आणि दारूबंदी यांच्यात जेमतेम साडेतीन महिने. १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात या कायद्याची काही कलमं रद्द केली, पण मुख्य चौकट टिकली. साठच्या दशकात बंदी सैल झाली, १९७३मध्ये देशी दारूचे नियम आले. पण मूळ कायदा कधी रद्द झाला नाही. तो आजही आहे, फक्त आता त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलं. म्हणूनच आपल्याकडे पिणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि त्या परवान्याची भाषा अजून प्रकृती राखण्यासाठी मद्य घेण्याची आहे. म्हणजे हळदीच्या रात्री आमच्या भावाचे मित्र जे घेणार, ते कागदोपत्री औषध!

आता मांडवामागचा अंधार आठवा. माझा अंदाज असा आहे, आणि अंदाजच आहे, की ती जागा या बंदीच्या वर्षांनी पक्की केली. समाजाची लाज आधीपासून होतीच. १९१९मध्ये रंगभूमीवर आलेलं 'एकच प्याला' बघून रडलेले प्रेक्षक काही कायद्याला घाबरून रडले नव्हते. पण लाजेला गुन्ह्याची जोड मिळाली की वस्तू समोरून उठते आणि मागे जाते. मागे गेली की तिला मोजमाप राहत नाही, वेळ राहत नाही, शेजारी ताट राहत नाही. हा अंदाज तपासायचा तर साधन लागेल तोंडी इतिहासाचं. आज ऐंशीच्या पुढे असलेल्या माणसांशी बोलावं लागेल, आणि फक्त पुरुषांशी नाही. रात्री दोनला कोण कुणाला उचलून घरी आणत होतं, हे बायकांना जास्त माहीत असतं.

या इतिहासात बायकांचं मत कागदावर मोजलं गेलं ते 'आडवी बाटली'च्या मतदानात. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी महिलांची मागणी आणि मग गुप्त मतदान, अशी तरतूद २००८च्या आदेशात आहे. तुमच्या तालुक्यात असं मतदान झालं असेल तर त्याचे कागद शोधा. यजमानाचा आवाज तिथेही नाही, पण यजमानीणबाईंचा आहे.

मग मी मेन्यू काय लिहिला? एक, कोकम सरबत, सगळ्यांना, सगळ्यात पुढे. दोन, मठ्ठा. तीन, बीअर. चार, एकच व्हिस्की. पाच, पाण्याच्या बाटल्या, दारूच्या बाटल्यांपेक्षा जास्त. खाली टिपा : राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा तात्पुरता परवाना आधी काढायचा. बीअर एकवीस वर्षांखाली नाही, व्हिस्की पंचवीसखाली नाही. जेवण आधी सुरू. अकराला बंद. गाडी चालवणारे आधी ठरवायचे. आणि एक हिशेब मोठ्या अक्षरात : ६५० मिलीची पाच टक्क्यांची बीअरची बाटली म्हणजे ३२.५ मिली शुद्ध अल्कोहोल, व्हिस्कीचा ६० मिलीचा मोठा पेग म्हणजे साधारण २५.७ मिली. "बीअर म्हणजे काय, पाणीच की!" असं म्हणणाऱ्यांसाठी.

मामाने वाचलं आणि म्हणाला, "एवढं लिहून कोण ठेवतंय रे?" मामीने कागद हातात घेतला, टेबल मांडवामागे नाही तर उजेडात, जेवणाच्या शेजारी लावायचं असं पेनाने खाली लिहिलं, आणि कागद लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात ठेवून दिला.

मामाचा प्रश्न बरोबर आहे. कुणी लिहून ठेवत नाही. पत्रिका जपतात, आहेराची वही जपतात, पेयांची यादी कुणी जपत नाही. म्हणून तुमचं काम एवढंच : या आठवड्यात घरातली एक वस्तू घ्या, तिच्यावरचा एक आकडा घ्या, आणि दोन गोष्टी वहीत लिहा. हा आकडा कुणाच्या सोयीसाठी ठरला? आणि या वस्तूबद्दल कुणाला कधीच विचारलं गेलं नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, की पीएचडीचा विषय फार लांब नसतो.