नाणेघाटातील अंक आणि संगणकाचे शून्य (थ्रेड)

मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याहून नाणेघाट चढला की माथ्याजवळ सातवाहनकालीन लेणे लागते. त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे: कोणते यज्ञ केले, दक्षिणा किती दिली. काळ सुमारे इ.स.पू. पहिले शतक.

या लेखातील रकमा अंकचिन्हांत कोरलेल्या आहेत. २४,४०० कार्षापणांची नोंद पाहा. तिथे चिन्हे तीनच: वीस हजार, चार हजार, चारशे. चार हजारांचे चिन्ह म्हणजे हजाराच्या चिन्हाला जोडलेला चार. प्रत्येक चिन्ह आपली किंमत स्वतःसोबत बाळगते, म्हणून शून्याची गरजच पडत नाही. नाणेघाटात शून्य शोधणाऱ्या अभिमानी मित्रांची येथे निराशा होईल!

पुढे स्थानमूल्य आले. किंमत चिन्हाकडून जागेकडे गेली आणि रिकामी जागा दाखवण्यासाठी शून्य अपरिहार्य झाले.

संगणक याच वाटेवरचा, फक्त अधिक काटकसरी. त्याच्या स्मृतीतील एकेका घटकाच्या दोनच अवस्था, म्हणून अंकही दोनच: ० आणि १. जागांच्या किमती दसपटीऐवजी दुपटीने वाढतात: १, २, ४, ८, १६... नागनिकेची दक्षिणा तेथे अशी दिसेल:

१०१११११०१०१००००

(१६,३८४ + ४,०९६ + २,०४८ + १,०२४ + ५१२ + २५६ + ६४ + १६. बेरीज करून पाहाच.) शेवटची चार शून्ये पुसली, तर उरतात केवळ १,५२५ कार्षापण.

सोळा बिटांत, ऋण संख्या वगळल्या, तरी मजल ६५,५३५ पर्यंतच. नाणेघाटात हजाराच्या चिन्हाला मोठा अंक जोडला की काम भागे. संगणकाला त्यापुढे जागाच वाढवाव्या लागतात.