बिनीचे गोलंदाज विकावेत काय?
अमेरिकेतील एका संघाची शंभर वर्षांची कहाणी



दुष्काळाच्या वर्षी शेतकऱ्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. गोठ्यात उमदी बैलजोडी आहे, पण कडबा संपत आला आहे आणि सावकाराचा तगादा लागला आहे. जोडी आज विकली तर चार पैसे हाती येतील, कर्ज फिटेल. पण पुढे मिरगाचा पाऊस पडला की नांगर कशाने ओढायचा? आणि विकली नाही, अन् चाऱ्यावाचून एखादा बैल बसलाच, तर पैसाही गेला आणि बैलही गेला! या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांसाठी एकच असू शकत नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने ते शोधायचे असते.

अगदी असाच प्रश्न अमेरिकेतल्या बेसबॉल या खेळात एका संघापुढे चार वेळा उभा राहिला. आपले सर्वांत चांगले गोलंदाज ठेवावेत, की ते दुसऱ्या संघाला देऊन टाकावेत? त्या संघाचा हा इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे. आपल्याकडेही 2008 पासून क्रिकेटच्या आयपीएलमध्ये आणि 2014 पासून प्रो कबड्डीत खेळाडूंचे लिलाव होतात. तेव्हा हा विषय आता आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. बेसबॉल हा एका अर्थी क्रिकेटचा चुलतभाऊ. एका बाजूला नऊ खेळाडू. त्यांतला एक मधल्या उंचवट्यावरून चेंडू फेकतो, त्याला पिचर म्हणतात. आपण त्याला गोलंदाजच म्हणू. साडेसाठ फुटांवरून, टप्पा न पाडता, तो चेंडू थेट फलंदाजाकडे फेकतो. क्रिकेटमध्ये चारपाच गोलंदाज आळीपाळीने गोलंदाजी करतात. इथे तसे नाही. सामन्याची सुरुवात जो करतो, तो एकटाच बराच वेळ किल्ला लढवतो. त्यामुळे सामना जिंकणे वा हरणे पुष्कळसे त्याच्या हातावर अवलंबून असते. पण एवढा जोर लावल्यावर हाताला विश्रांती हवी. म्हणून संघ असे चारपाच गोलंदाज बाळगतो आणि ते पाळीपाळीने उतरतात. हाच संघाचा कणा. मात्र हा कणा मोठा नाजूक असतो. खांदा दुखावला, कोपराची शीर तुटली, की काल ज्याच्यापुढे फलंदाज थरथरत होते तो आज घरी बसतो. आपल्या वादाचे मूळ इथेच आहे.

आता कहाणीकडे वळू. फिलाडेल्फिया शहरात 1901 साली अॅथलेटिक्स नावाचा संघ निघाला. त्याचे व्यवस्थापक कॉनी मॅक. हा उंच, सडपातळ गृहस्थ खेळाडूंचा पोशाख न घालता सूट आणि ताठ कॉलर घालून बाकावर बसे, आणि हातातला कागद हलवून खेळाडूंना इशारे देई. 1901 पासून 1950 पर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास वर्षे, त्यांनी हा एकच संघ चालवला. ते संघाचे भागीदार मालकही होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण जिंकण्याची काळजी आणि हिशोबाची वही, दोन्ही एकाच माणसाच्या हाती होती.

मॅक यांच्या संघाने 1910, 1911 आणि 1913 साली अजिंक्यपद मिळवले. 1914 सालीही संघ अंतिम मालिकेत पोहोचला, पण बोस्टनच्या संघाने त्याला ओळीने चार सामन्यांत लोळवले. त्याच सुमारास फेडरल लीग नावाची एक नवी संघटना निघाली होती आणि ती जास्त पगार देऊन खेळाडू पळवीत होती. मॅक यांनी हिशोब केला आणि बेंडर, प्लँक आणि कूम्ब्स हे आपले तीन नामांकित गोलंदाज सोडून दिले. एडी कॉलिन्स हा उत्तम खेळाडू पन्नास हजार डॉलरना शिकागोला विकला.

परिणाम काय झाला? 1914 साली 99 सामने जिंकणारा संघ 1915 साली फक्त 43 सामने जिंकला आणि 109 हरला. 1916 साली तर 36 विजय आणि 117 पराभव! 1915 ते 1921 अशी सलग सात वर्षे तो संघ आठांत आठवा राहिला.

पण न्यायाने बोलायचे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. सोडलेल्या तीन गोलंदाजांपैकी बेंडर पुढच्या वर्षी चार सामने जिंकला आणि सोळा हरला. म्हणजे त्याच्याबाबत मॅक यांचा अंदाज बरोबर ठरला. उलट, चाळिशीला टेकलेल्या प्लँकने एकवीस सामने जिंकले आणि कूम्ब्सने पंधरा. तीन गोलंदाजांत एकाचा अंदाज बरोबर, दोघांचा चुकला. गोलंदाजाच्या हाताचे भविष्य सांगणे किती कठीण असते, हे यावरून दिसेल.

मॅक यांनी धीर सोडला नाही. नव्याने संघ बांधला. 1924 साली लेफ्टी ग्रोव्ह या डावखुऱ्या गोलंदाजासाठी त्यांनी बाल्टिमोरच्या संघाला एक लाख सहाशे डॉलर मोजले. 1929 आणि 1930 साली संघ पुन्हा अजिंक्य झाला. 1931 साली ग्रोव्हने 31 सामने जिंकले आणि फक्त चार हरले. असे वाटले की आता या संघाला मरण नाही.

पण तेव्हा अमेरिकेत महामंदी आली होती. कारखाने बंद, हाताला काम नाही, मग तिकीट काढून खेळ पाहायला येणार कोण? त्यातच पेनसिल्व्हेनिया राज्यात रविवारी सामने खेळण्यास कायद्याने बंदी होती. ती उठून 1934 साली रविवारचे सामने सुरू झाले. कामकऱ्याला सुट्टी रविवारची, आणि खेळ तर नेमका त्या दिवशी बंद! 1933 च्या सबंध हंगामात तीन लाखसुद्धा प्रेक्षक आले नाहीत. पगार मोठे, देणी डोक्यावर. अखेर डिसेंबर 1933 मध्ये ग्रोव्ह, वॉलबर्ग हा दुसरा गोलंदाज आणि बिशप अशा तिघांना मॅक यांनी बोस्टनला दिले. बदल्यात सव्वा लाख डॉलर आणि दोन सामान्य खेळाडू मिळाले.

पहिल्याच वर्षी ग्रोव्हचा हात दुखावला. लोक म्हणाले, म्हातारा कसा हुशार! परंतु 1935 साली ग्रोव्ह पुन्हा उभा राहिला, वीस सामने जिंकला, आणि बोस्टनकडून एकंदर 105 विजय मिळवून 1941 साली त्याने आपला तीनशेवा विजय पुरा केला. इकडे फिलाडेल्फियाचा संघ 1935 साली तळाला गेला आणि त्यानंतर त्या शहरात असेपर्यंत पुन्हा कधी पहिला आला नाही. 1955 साली तो कॅन्सस सिटीला गेला आणि 1968 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरी. पैसा मिळाला, देणी भागली, पण शहर गमावले.

तिसरा प्रसंग ओकलंडचा. 1972, 1973 आणि 1974 अशी ओळीने तीन वर्षे हा संघ अजिंक्य होता. मालक चार्ल्स फिन्ली मोठे विक्षिप्त गृहस्थ. तोपर्यंत बेसबॉलमध्ये असा नियम होता की एकदा करार केला की खेळाडू कायमचा त्या संघाशी बांधलेला. मालक त्याला विकील, बदलील, पण त्याला स्वतःहून जाता येणार नाही. वेठबिगारीचाच हा एक प्रकार म्हणा ना! डिसेंबर 1975 मध्ये लवादाने हा नियम मोडीत काढला. ज्या दोन खेळाडूंच्या तक्रारीवर हा निर्णय झाला ते दोघेही, मेसरस्मिथ आणि मॅकनॅली, गोलंदाजच होते.

आता फिन्लींपुढे पेच पडला. करार संपले की खेळाडू मोकळे होणार आणि आपल्याला कवडीही मिळणार नाही. म्हणून जून 1976 मध्ये त्यांनी व्हायडा ब्लू हा गोलंदाज पंधरा लाख डॉलरना न्यूयॉर्कला, आणि फिंगर्स हा गोलंदाज व रूडी हा फलंदाज प्रत्येकी दहा लाखांना बोस्टनला विकला. पण बेसबॉलचे प्रमुख आयुक्त बोवी कून यांनी खेळाच्या हिताचे कारण देऊन तो सगळा सौदाच रद्द केला! फिन्ली कोर्टात गेले, तिथेही हरले. हंगाम संपताच फिंगर्स आणि रूडी निघून गेले आणि मालकाच्या हाती काहीच लागले नाही. 1977 साली संघ आपल्या गटात तळाला गेला. म्हणजे आधी विकून नाश झाला होता, या खेपेला विकता आले नाही म्हणून नाश झाला.

चौथा प्रसंग आपल्या आठवणीतल्या काळाचा. 2000 ते 2003 या चारही वर्षी ओकलंडचा संघ बाद फेरीत गेला आणि चारही वेळा पहिल्याच मालिकेत पाचव्या, निर्णायक सामन्यात हरला. संघ गरीब. 2002 साली त्याचा पगारखर्च सुमारे चार कोटी डॉलर, तर न्यूयॉर्क यांकीजचा साडेबारा कोटींच्या घरात. तरी ओकलंड टिकून होता तो टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो या तीन तरुण गोलंदाजांच्या बळावर. 2004 साली एकाच सामन्याच्या फरकाने गटातले पहिले स्थान हुकले. हडसनच्या कराराचे एक वर्ष उरले होते, मल्डर आणि झिटो यांची दोन. पुढे त्यांना लागणारा पगार देणे संघाला शक्य नव्हते.

तेव्हा गावोगावच्या पारावर व्हावा तसा वाद तिथे झाला. एक पक्ष म्हणे, असे तीन गोलंदाज एका पिढीत एकदाच मिळतात. ते आहेत तोवर झुंज द्या, पुढचे पुढे पाहू. तिकीट काढणाऱ्या माणसाने प्रेम तरी कोणावर करायचे? दुसरा पक्ष म्हणे, ते जाणारच आहेत. आज दिले तर बदल्यात तीन तरुण मिळतील, उद्या गेले तर रिकामी जागा. शिवाय हाताचा काय भरवसा?

व्यवस्थापक बिली बीन यांनी दुसरी वाट धरली. डिसेंबर 2004 मध्ये दोनतीन दिवसांच्या अंतराने हडसन अटलांटाला आणि मल्डर सेंट लुईसला गेला. झिटोला ठेवले. आता निकाल पाहा. हडसनच्या बदल्यात आलेल्या तिघांपैकी एकही संघाचा आधार बनला नाही. आणि हडसन? अटलांटाकडून नऊ हंगामांत त्याने 113 सामने जिंकले. हा सौदा सपशेल बुडाला. मल्डर मात्र 2005 साली सोळा सामने जिंकला आणि मग त्याचा खांदा गेला. पुढे तो फक्त सहा सामने जिंकू शकला. त्याच्या बदल्यात आलेल्या डॅन हॅरेनने ओकलंडसाठी तीन वर्षांत 43 सामने जिंकले, आणि 2007 च्या अखेरीस त्याला देऊन संघाने आणखी सहा तरुण मिळवले. झिटो 2006 नंतर बारा कोटी साठ लाख डॉलरच्या करारावर सॅन फ्रान्सिस्कोला गेला. पण जाण्याआधी, 2006 साली, ओकलंड गटात पहिला आला आणि एकदाची पहिली मालिकाही जिंकला.

माणूस तोच, आठवडा तोच, विचार तोच. पण एक सौदा फळला, दुसरा फसला. मग यातून शिकायचे काय?

माझ्या मते, विकावे की ठेवावे यापेक्षा विकून काय करायचे, हा प्रश्न मोठा आहे. मॅक यांनी 1933 साली गोलंदाज दिले आणि मुख्यतः रोकड घेतली. ती देण्यांत गेली. बीन यांनी पैसे मागितले नाहीत, रोपे मागितली. त्यांतली काही जळाली, काही वाढली, पण मळा ओसाड पडला नाही. बैल विकून कर्ज फेडणे आणि बैल विकून कालवड आणणे यांत जो फरक आहे, तोच हा फरक.

दुसरी गोष्ट माणसाची. बैलाला विचारावे लागत नाही, खेळाडू हा बैल नव्हे. 1933 साली ग्रोव्हला कोणी विचारले नव्हते. 1975 च्या निर्णयानंतर खेळाडूला निदान काही वर्षांच्या सेवेनंतर आपली वाट निवडता येऊ लागली. त्यामुळे मालकांचे गणित अवघड झाले हे खरे, पण गणित सोपे राहावे म्हणून माणूस बांधून ठेवावा, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही.

आणि तिसरी गोष्ट प्रेक्षकाची. त्याचे नाव कोणत्याही करारात नसते. तो पोराला खांद्यावर घेऊन मैदानावर येतो आणि एका खेळाडूवर जीव लावतो. असे पुन्हा पुन्हा तोडत गेले की एक दिवस तो येईनासा होतो. फिलाडेल्फियात असेच घडले. 2024 च्या हंगामानंतर या संघाने ओकलंडही सोडले.

शिक्षकबंधूंनी हा विषय वर्गात वादविवादासाठी जरूर घ्यावा. मुलांचे दोन गट करावेत. एकाने म्हणावे ठेवा, दुसऱ्याने म्हणावे द्या. अर्ध्या वेळाने बाजू बदलायला लावाव्यात. कोण जिंकले याला फार महत्त्व देऊ नये. दुसऱ्याच्या बाजूनेही प्रामाणिकपणे विचार करता आला, म्हणजे तास सत्कारणी लागला असे समजावे.