कोरड्या जागेचे ऋण

आषाढी वारीचा इतिहास आपण अभंग, दिंड्या आणि रिंगण यांच्या अंगाने वाचतो. तो पावसाच्या अंगानेही वाचला पाहिजे. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाटचाल ज्येष्ठ वद्यात सुरू होते, म्हणजे ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. पूर्वी वारकऱ्याचा संसार एका पडशीत मावे. अंगावरची घोंगडी भिजली की तिचेच ओझे होई. अशा वेळी कोरडी ओसरी, पेटती चूल आणि पिठले-भाकरी याहून मोठे सुख कोणते?

हे सुख ज्यांनी पुरवले, त्यांत आपल्या बेळगाव जिल्ह्यातील अंकलीचे शितोळे सरकार आहेत. संत तुकारामांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. पुढे १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीचा सोहळा स्वतंत्रपणे उभा केला. हैबतबाबा सातारा भागातले, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी चाकरीला. परंपरा सांगते की, गावी परतताना सातपुड्यात त्यांना लुटारूंनी कोंडले. हरिपाठ म्हणत असता सुटका झाली. त्या सुटकेचे ऋण मानून त्यांनी उरलेले आयुष्य माउलींच्या चरणी घातले. त्यांच्या सोहळ्याला शितोळ्यांनी घोडे, नैवेद्य आणि तंबू दिला. भर पावसात पादुकांवर कोरडे छत असणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या निर्णयाचे शल्य आपल्या घराघरांत आहे. पण अंकलीच्या घोड्यांची वाट मोडली नाही. आजही ते दरवर्षी सुमारे ३०० किलोमीटर पायी चालत आळंदीला जातात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ माउलींसाठी मोकळी.

आज दिंड्यांचे सामान ट्रकमधून जाते, घोंगडीच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला. वाटेवरची एक रीत मात्र तशीच आहे. भिजलेल्या वारकऱ्याला चहा-भाकरी देणारी गृहिणी आभाराची वाट पाहत नाही; तीच वाकून त्याच्या पाया पडते. तोही तिला ‘माउली’ म्हणून हात जोडतो. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे तिथे कोणी विचारत नाही. आपल्या दुभाषी गावांनी ही रीत जपण्यासारखी आहे. पावसात दाराशी उभा राहिलेला माणूस कोणत्या भाषेत आसरा मागतो, हे ओसरीने कधी पाहिलेले नाही.