स्ट्रॉम्लोची राख, सायडिंग स्प्रिंगची जाळी

तुम्ही माउंट स्ट्रॉम्लोच्या माथ्यावर उभे आहात. तारीख १८ जानेवारी २००३, शनिवार, जेवणाची वेळ नुकतीच टळली आहे. ऑस्ट्रेलियात जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. वायव्येकडून येणारा वारा इतका कोरडा आहे की ओठ चाटले तरी क्षणात पुन्हा सुकतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीचा हा डोंगर म्हणजे ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचं खगोलशास्त्राचं आवार. वेधशाळेची स्थापना १९२४ ची, विद्यापीठाकडे ती आली १९५७ मध्ये. वर दुर्बिणींचे घुमट, कार्यशाळा, ग्रंथालय, राहती घरं. पूर्वेला खाली कॅनबेरा शहर. पश्चिमेला ब्रिंडाबेलाच्या डोंगररांगा, आणि त्यांच्यावर धूर.

तो धूर आजचा नाही. ८ जानेवारीला त्या रांगांमध्ये कोरड्या विजा पडल्या आणि अनेक ठिकाणी आगी लागल्या. गेले दहा दिवस शहर तो धूर बघतं आहे, आणि रोज दिसणाऱ्या गोष्टीची भीती कमी होत जाते.

आता नजर धुरावरून काढा आणि जवळ आणा. घुमटांच्या उतारावर पाईनची झाडं आहेत. व्यापारी लागवड आहे ही, ओळीत लावलेली, आवाराच्या चहूबाजूंनी. खाली वाकून जमिनीवरच्या सुयांची मूठ भरा. तपकिरी, हलक्या, मुठीत चुरचुरणाऱ्या. अशा झाडीत छपराच्या पन्हळीही याच सुयांनी भरतात. झाडातली राळ पेटायला उत्सुक असते आणि वाळलेल्या सुयांना तर एक ठिणगी पुरते.

ती ठिणगी ज्वाळांच्या आधी येते. वणव्याबद्दल आपल्या मनात जे चित्र असतं ते ज्वाळांच्या भिंतीचं असतं, पण बहुतेक इमारती त्या भिंतीने पेटत नाहीत. वारा जळती साल, पानं, फांद्यांचे तुकडे उचलतो आणि पुढे भिरकावतो. नीलगिरीच्या काही जातींची साल तर जळत जळत कित्येक किलोमीटर पलीकडे जाऊन पडते. हे निखारे पन्हळीत उतरतात, कौलांच्या फटीतून माळ्यावर जातात, हवेच्या झरोक्यातून आत शिरतात. इमारत आतून पेटते. म्हणून ज्वाळा पोहोचण्याच्या आधीही आणि त्या निघून गेल्यावरही घरं जळत राहतात.

दुपारी पावणेतीनला आणीबाणी जाहीर होते. आकाश आधी पिवळं, मग तांबडं, मग भर दुपारी काळं होतं. डोंगरावर जे कोणी आहेत त्यांना निघायला सांगितलं जातं. हाताशी वेळ थोडा आहे. काय उचलायचं याचा विचार करायलाही तो पुरत नाही. गाड्या उतारावरून खाली जातात. या आवारात आज एकही माणूस मरणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. त्यांना ते ठाऊक नाही.

तुम्ही मात्र थांबा. तुम्हाला आग लागणार नाही.

आधी आवाज येतो, अखंड घरघर. मग उष्णता. आग चढावर वेगाने पळते, कारण ज्वाळा वर झुकतात आणि पुढचं इंधन स्पर्शाआधीच तापवून ठेवतात. उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो, असा वणव्याच्या अभ्यासकांचा ठोकताळा आहे. दुर्बिणी डोंगरमाथ्यावर बांधतात ते स्वच्छ आकाशासाठी. आज तोच माथा आगीच्या वाटेचं शेवटचं टोक आहे. पाईनचे शेंडे एकामागून एक पेटतात आणि घुमटांना वेढा पडतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तुमच्या डोळ्यांदेखत घुमटाचं कवच मऊ पडून ओघळू लागतं.

एका घुमटात ७४ इंची परावर्तक दुर्बीण आहे. दुसऱ्यात ग्रेट मेलबर्न टेलिस्कोप, १८६८ मध्ये डब्लिनला घडवलेली. एका शतकाहून जास्त वयाच्या या यंत्राला नवे भाग जोडून १९९० च्या दशकात त्याच्याकडून कृष्णद्रव्याचा शोध घेतला गेला होता. आगीत ते नवे भाग गेले. जुन्या ओतीव लोखंडाचे भाग उरले आणि पुढे मेलबर्नच्या संग्रहालयाकडे गेले. येल-कोलंबिया दुर्बीण गेली. ग्रंथालय गेलं. कार्यशाळेत हवाईच्या जेमिनी दुर्बिणीसाठी एक वर्णपटमापक जवळजवळ पूर्ण होऊन पाठवणीची वाट बघत होता. माणसांनी वर्षानुवर्षं खपून केलेलं ते काम एका दुपारी संपलं. नंतर त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून केलं आणि हवाईला पोहोचवलं, याचा मला फार आदर वाटतो.

पूर्वेला बघा. डफी हे उपनगर रस्त्यापलीकडच्या पाईनच्या रानाला लागून आहे. एकट्या तिथेच २०० हून जास्त घरं आज जाणार आहेत, आणि सगळ्या शहरात मिळून सुमारे ५००. चार माणसं दगावणार आहेत. आगीने स्वतःचं वादळ तयार केलं आहे. त्यात अग्नीचा एक खराखुरा चक्रवात फिरला, हे शास्त्रज्ञ बऱ्याच वर्षांनी पुराव्यानिशी सिद्ध करतील.

इथून थोडं मागे चला, १९५२ च्या फेब्रुवारीत. हाच डोंगर, हीच वेधशाळा. वणवा माथ्यावर आला आहे आणि कार्यशाळा जळते आहे. फार वेळ थांबायची गरज नाही, एवढंच बघून घ्या की स्ट्रॉम्लोला आग नवी नव्हती. त्यानंतर ५० वर्षं पाईन पुन्हा वाढत राहिले.

आता २००६ चा डिसेंबर. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकारी, म्हणजे कॉरोनर, मारिया डूगन यांचा २००३ च्या वणव्यावरचा चौकशी अहवाल बाहेर आला आहे. सुरुवातीच्या दिवसांत आगी लहान असताना त्यांच्यावर जोरकस हल्ला झाला नाही आणि लोकांना वेळेवर इशारा मिळाला नाही, असा त्याचा सूर आहे. १८ तारखेच्या दुपारबद्दल कितीही बोललं तरी निर्णय त्या दुपारी झाला नव्हता. काही निर्णय ८ तारखेनंतरच्या दिवसांत झाले, काही त्याआधीच्या हिवाळ्यांत, काही कित्येक दशकं आधी, झाडं लावताना. बंब, नळ्या, शूर माणसं हे सगळं लागतं. पण बंब वाटेत असताना इमारत स्वतःची राखण करू शकते की नाही, हे आधी ठरलेलं असतं.

याचा पडताळा घ्यायला उत्तरेकडे निघा, न्यू साऊथ वेल्समधल्या कूनाबाराब्रान गावाकडे. वॉरमबंगल राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, सुमारे ११६५ मीटर उंचीवर सायडिंग स्प्रिंग वेधशाळा आहे. तीही त्याच विद्यापीठाची. इथे १९७४ पासूनची ३.९ मीटरची अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बीण आहे, आणि तिच्याभोवती अनेक लहानमोठ्या दुर्बिणी. स्ट्रॉम्लो जळल्यानंतर इथल्या लोकांनी काय केलं ते जवळ जाऊन बघा. इमारतीच्या झरोक्यापाशी उभे राहा. त्यावर धातूची बारीक जाळी बसवली आहे. जाळीला बोट लावा. छिद्रातून हवा आत जाते, निखारा जात नाही. इमारतींभोवतालचं झाडझुडूप कापलं आहे. सह्याद्रीत उन्हाळ्याआधी वनखातं गवत काढून जाळरेषा आखतं, त्यामागचं तत्त्व हेच: आगीला खायला मिळू नये. या जाळीचं कुणी उद्घाटन करत नाही, तिचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही. देखभालीच्या खर्चात तिची एक ओळ असते, आणि खर्चकपातीच्या बैठकीत अशाच ओळीवर पहिली काट मारली जाते.

आता १३ जानेवारी २०१३, रविवार. राष्ट्रीय उद्यानात आदल्या दिवशी लागलेली वॉम्बेलाँगची आग मोकाट सुटली आहे. वेधशाळा रिकामी केली आहे, माणसं सुखरूप खाली पोहोचली आहेत. आग डोंगर चढते, स्ट्रॉम्लोवर चढली होती तशीच. निखाऱ्यांचा तोच मारा, भर दिवसाचा तोच अंधार. ज्वाळा घुमटांच्या अंगणात येतात, आणि पुढे जातात.

धूर विरल्यावर हिशेब दिसतो. पाहुण्या खगोलशास्त्रज्ञांचं निवासस्थान जळून गेलं. अभ्यागत केंद्राला जबर मार बसला. परिसरात ५३ घरं गेली, आणि त्या कुटुंबांसाठी हा विजयाचा दिवस नाही. पण दुर्बिणी उभ्या आहेत. सगळ्या. काजळी, राख आणि धूर साफ करून सुमारे महिन्याभरात अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बीण पुन्हा आकाशाकडे वळली. जाळी आणि साफ केलेलं अंगण यांच्या जोडीला त्या दिवशी नशीबही असेल. तरी स्ट्रॉम्लोनंतर हे काम झालं नसतं तर काय उरलं असतं, याचं उत्तर तुम्ही दहा वर्षांपूर्वीच्या त्या माथ्यावर पाहून आला आहात.

परत या, आपल्या वर्षात. कदाचित तुमच्याच घरात बॅग भरली जाते आहे. पुणे, नाशिक, नागपुरातून कितीतरी मुलं ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांत जातात, आणि तिथलं शैक्षणिक वर्ष उन्हाळा सरत असतानाच सुरू होतं. लोणचं, स्वेटर, प्रमाणपत्रांच्या प्रती यांची यादी सगळे करतात. या गोष्टीही सांगा. पहिल्याच आठवड्यात वसतिगृहाचं जमण्याचं ठिकाण पायी जाऊन बघायचं. त्या राज्याच्या अग्निशमन सेवेचं अधिकृत ॲप फोनवर घ्यायचं. तिथे आपत्कालीन क्रमांक ०००. वणव्याच्या इशाऱ्यांच्या पायऱ्या तीन: ‘ॲडव्हाइस’ म्हणजे लक्ष ठेवा, ‘वॉच अँड ॲक्ट’ म्हणजे आता हालचाल करा, आणि ‘इमर्जन्सी वॉर्निंग’ म्हणजे जीव धोक्यात आहे, कदाचित निघायला उशीरही झाला असेल. या तिसऱ्या पायरीची वाट बघायची नाही. धोक्याची सगळ्यात वरची पातळी ‘कॅटॅस्ट्रॉफिक’. त्या दिवशी जोखमीच्या भागातली अनेक आवारं आग नसतानाही बंद ठेवतात. वर्ग रद्द झाला म्हणून खोलीत झोपून राहायचा तो दिवस नव्हे. सकाळीच सुरक्षित ठिकाणी जाण्याचा आहे.

आणि तुम्ही इथल्याच एखाद्या संस्थेच्या आवारात काम करत असाल, टेकडीला, माळाला किंवा झाडीला लागून असलेल्या, तर गवत वाळण्याआधी इमारतीला एक फेरी मारा. पन्हळी वर चढून बघा, झरोके बघा, भिंतीला टेकलेला पालापाचोळा बघा. जे दिसेल ते लेखी कळवा, आणि ते होईपर्यंत विचारत राहा.