मीठ, दूध आणि धर्मश्रद्धा : अ‍ॅडव्हेंटिस्ट आरोग्यसुधारणेतील टोकाच्या मतांचा इतिहास

आजच्या धाग्याचा विषय आहे एक मासिक. १८७१ च्या सुमारास त्याचे वाचक दुरावू लागले, आणि त्याला कारण झाले मीठ, साखर, दूध, लोणी नि अंडी. मासिकाचे नाव ‘हेल्थ रिफॉर्मर’, गाव अमेरिकेतील मिशिगन राज्यातले बॅटल क्रीक, आणि चालविणारे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोक.

हा पंथ १८६३ च्या मे महिन्यात रीतसर स्थापन झाला. पुढच्याच महिन्यात पंथाच्या प्रवक्त्या एलेन व्हाइट यांना ऑत्सेगो येथे आरोग्याविषयी दृष्टान्त झाला, अशी अनुयायांची श्रद्धा आहे. मद्य, तंबाखू आणि मांसाहार टाळावा, शुद्ध हवा, पाणी, व्यायाम यांवर भर द्यावा, हा त्याचा सारांश. त्या काळी डॉक्टर मंडळी पाऱ्याचे क्षार आणि अफू सढळ हाताने देत असत, हे लक्षात घेतले म्हणजे या उपदेशाचे आकर्षण कळते. तसे हे विचार सर्वस्वी नवे नव्हते. सिल्वेस्टर ग्रॅहम आणि जलचिकित्सक मंडळी ते आधीपासून मांडत होती. व्हाइटबाईंनी त्यांच्याकडून किती घेतले, यावर १९७६ मध्ये रोनाल्ड नंबर्स यांनी ग्रंथ लिहिला, आणि त्यावरून पंथात मोठे वादळ उठले.

१८६६ मध्ये मासिक निघाले आणि त्याच वर्षी बॅटल क्रीकमध्ये आरोग्यसंस्थाही उघडली. पुढे मासिकात रसेल ट्रॉल या पंथाबाहेरील नामांकित जलचिकित्सकाला स्वतंत्र विभाग मिळाला. ट्रॉल यांचा बाणा कडक होता. मीठ, साखर आणि सर्व प्राणिज पदार्थ यांना त्यांच्या लेखी आहारात स्थान नव्हते. संपादकांनी तोच सूर उचलला.

आता पश्चिमेकडील नव्या वसाहतींतल्या शेतकऱ्याचा विचार करावा. त्याच्याकडे फळे दुर्मीळ, भाज्या मोजक्या, पैसा तर नाहीच. घरची गाय हाच त्याचा आधार. अशा माणसाला दूध सोडायला सांगायचे, तर त्याच्या मुलांनी खायचे काय? व्हाइट दांपत्य त्या भागात फिरले तेव्हा त्यांना हीच तक्रार ऐकू आली. लोक नुसते मासिकच नव्हे, तर आरोग्यसुधारणेचा विचारच टाकून देण्याच्या बेतात होते. अखेर १८७१ मध्ये जेम्स व्हाइट यांनी संपादकपद स्वतःकडे घेतले. एलेनबाईंनी लेखनातून भूमिका स्पष्ट केली. ज्यांना पर्यायी अन्न मिळू शकत नाही, त्यांच्यावर दुधाची बंदी लादू नये, आणि लोकांना हळूहळू पुढे न्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते या चळवळीच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होय.

मात्र व्हाइटबाई नेहमीच मध्यममार्गी होत्या, असे चित्र रंगविणे बरोबर नाही. स्त्रियांसाठी आखूड झगा आणि खाली विजार असा ‘सुधारित पोशाख’ त्यांनी हिरिरीने पुरस्कारिला. त्यावरून घरोघरी इतकी भांडणे झाली की १८७५ मध्ये त्यांनी तो आग्रह सोडून दिला. डुकराच्या मांसाचे उदाहरण याहून बोलके आहे. १८५८ मध्ये स्टीफन हॅस्केल यांनी ते वर्ज्य करण्याचा हट्ट धरला, तेव्हा बाईंनीच त्यांना, हा आग्रह इतरांवर लादू नका, म्हणून फटकारले. पाच वर्षांनी मात्र त्याच पदार्थाच्या विरोधात त्या स्वतः उभ्या राहिल्या. स्वतःचा मांसाहार तर त्यांनी कायमचा सोडला तो १८९४ मध्ये, ऑस्ट्रेलियात असताना.

टोकाची भूमिका आहारापुरतीच नव्हती. १८६५ मध्ये जेम्स यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा त्यांना न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिलच्या जलचिकित्सालयात नेण्यात आले. तेथील डॉ. जेम्स जॅक्सन यांनी संपूर्ण विश्रांती सांगितली. काम नको, धार्मिक चिंतनाचा ताणही नको! एलेनबाईंना हे पटले नाही. त्यांनी पतीला तेथून हलविले आणि पुढे ग्रीनव्हिलच्या शेतावर कामाला लावले. गवत कापून झाले तेव्हा जेम्स शेजाऱ्यांच्या मदतीची वाट पाहत होते. बाईंनी गुपचूप शेजाऱ्यांकडे जाऊन, नकार द्या, अशी विनंती केली. मग जेम्स गवत उचलून देत आणि बाई गंजीवर उभ्या राहून ते तुडवीत. गावकरी थक्क झाले.

सर्वांत गंभीर प्रसंग १९०१ चा. ऑस्ट्रेलियात काम करणारे डॉ. डॅनियल क्रेस हे आहारनियमांचे कडवे पालनकर्ते. प्राणिज पदार्थ त्यांनी इतके कसोशीने वर्ज्य केले होते की पंडुरोगाने ते मरणाच्या दारी पोहोचले. अमेरिकेहून व्हाइटबाईंचे पत्र आले. निरोगी कोंबड्यांची अंडी मिळवा, ती कच्चीच, न आंबविलेल्या द्राक्षरसात मिसळून घ्या. गंमत अशी की १८६९ च्या लेखनात याच व्हाइटबाईंनी मुलांच्या ताटात अंडी नकोत, असे बजावले होते. क्रेस यांनी सल्ला मानला, ते बरे झाले आणि १९५६ पर्यंत जगले. 

जॉन हार्वे केलॉग, कॉर्नफ्लेक्स आणि १९०७ मध्ये त्यांचे पंथातून झालेले निष्कासन हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. पुणेकरांनी औंध रस्त्यावरील स्पायसर महाविद्यालयाचे नाव ऐकले असेलच. १९४२ मध्ये पुण्यात आलेली ती संस्था याच पंथाची.