एरंडेल, मुलतानी माती आणि टर्बो गाडीचा क्लच

तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली त्यांनी क्लचवर का बोलावं, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. पण कारेगावात बसून याहून जवळचा विषय आम्हांला सुचला नाही. शेजारीच रांजणगावची एमआयडीसी आहे, तिथे फियाटचा कारखाना आहे, आणि आजच्या सभेतल्या निम्म्या घरांचं काही ना काही नातं त्या लाईनशी असणार. आणि ज्या तरुणाने जुनी लिनिया टी-जेट घेतली, तिचा ईसीयू रिमॅप करून घेतला आणि आता क्लच घसरतो म्हणून डोक्याला हात लावून बसला आहे, तोही याच भागात भेटतो. त्याला दुकानदार म्हणतो, "स्टेज थ्री टाका, चिंताच नको." त्याने टाकावा का? या एका प्रश्नासाठी आपण सव्वाशे वर्षं मागे जाऊन परत येणार आहोत.

पहिल्या मोटारींचा क्लच म्हणजे कातडं लावलेला एक शंकू असे. फ्लायव्हीलच्या पोकळ शंकूत तो स्प्रिंगने दाबून बसवायचा. कातडं वाळलं की ते एकदम पकडे आणि गाडी बेडकासारखी उडी मारे. मग ड्रायव्हर त्याला तेल पाजत, त्यात एरंडेलही चाले. तेल जास्त झालं की क्लच घसरू लागे, तेव्हा त्यावर मुलतानी माती टाकायची. बघा, आपल्या आजीच्या फडताळातल्या दोन वस्तू! आजचा सगळा प्रश्न त्या दोन डब्यांत आहे. पकड हवी आणि घसरही हवी. कधीच न घसरणारा क्लच हवा असेल तर दोन दांडे सरळ वेल्डिंग करून टाका. पण मग थांबलेली गाडी निघायची कशी? इंजिन फिरतं आहे, चाक स्थिर आहे. या दोघांची गाठ घालायची तर मधल्या कुणालातरी काही क्षण घसरावंच लागतं, तापावंच लागतं. क्लच तेवढ्यासाठीच असतो.

इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने १८९७ मध्ये घोडागाडीच्या ब्रेकसाठी घर्षणाचं साहित्य बनवायला घेतलं. त्याची कंपनी पुढे फेरोडो नावाने जगभर पोचली. कातड्याच्या जागी ॲस्बेस्टॉसचं अस्तर आलं, शंकू जाऊन सपाट चकती आली. दुसरीकडे हेले-शॉ या प्राध्यापकांनी तेलात बुडालेल्या अनेक पातळ चकत्यांचा क्लच बनवला. ज्यांनी बजाज चेतक चालवली त्यांच्या डाव्या मुठीत त्याच कुळातला क्लच होता. मग ॲस्बेस्टॉसने फुप्फुसं खराब होतात हे कळलं आणि काचतंतू, राळ वगैरेंचं आजचं 'ऑरगॅनिक' अस्तर आलं. १९६० च्या दशकात गोल कॉइल स्प्रिंगा जाऊन पाकळ्यांची एकच डायफ्रॅम स्प्रिंग मोटारींत रुळली. तिचा गुण असा की अस्तर झिजत गेलं तरी दाब लगेच पडत नाही, आणि पेडल शेवटपर्यंत दाबताना जड होत जात नाही. डाव्या पायावर हा मोठाच उपकार.

आता टर्बो. आल्फ्रेड ब्यूखी यांचं पेटंट १९०५ चं, पण रोजच्या भारतीय माणसाच्या आयुष्यात टर्बो आला तो मुख्यतः डिझेलमधून. आणि इथे रांजणगावचं नाव घ्यावंच लागतं. १.३ मल्टिजेट इंजिन इथे बनत होतं. २०१२ मध्ये मारुतीनेही इथून इंजिनं घ्यायचा करार केला होता. पेट्रोल टर्बोचं म्हणाल तर लिनिया टी-जेट, ११४ अश्वशक्ती आणि २०७ न्यूटन-मीटर. मग २०१५ ची अबार्थ पुंटो, १४५ अश्वशक्ती आणि २१२ न्यूटन-मीटर. आकडे नीट बघा. अश्वशक्ती एकतीसने वाढली, टॉर्क फक्त पाचने. क्लचला अश्वशक्तीशी घेणं नाही, तो टॉर्क पेलतो. गॅरेजमध्ये "किती बीएचपी काढले?" असं विचारतात, तो क्लचच्या दृष्टीने चुकीचा प्रश्न आहे. साध्या इंजिनात टॉर्क वर-वर चढत जातो. टर्बोत दोन हजार फेऱ्यांच्या आसपासच सगळा येऊन उभा राहतो. म्हणून रिमॅपनंतर क्लच पहिल्यांदा घसरतो तो पाचव्या गिअरमध्ये, चढावर, पाय पूर्ण दाबल्यावर: काटा वर जातो, वेग तिथेच, आणि मागून जळका वास.

थोडं गणित करू, कंटाळू नका. क्लच किती टॉर्क पेलेल? घर्षणांक, दाब, चकतीची सरासरी त्रिज्या आणि दोन बाजू यांचा गुणाकार. उदाहरणादाखल घर्षणांक ०.३, दाब ५,००० न्यूटन, त्रिज्या ९ सेंटिमीटर धरली तर उत्तर येतं २७० न्यूटन-मीटर. २०७ च्या इंजिनाला हे भरपूर. रिमॅप करून २८० केले की संपलं. आता वाढवायचं काय? प्रेशर प्लेटचा दाब सव्वापट केला तर क्षमता ३३७ वर जाते, पण पेडलही साधारण तितकंच जड होतं आणि रिलीज बेअरिंगवरचा भार वाढतो. अस्तर बदलून सिरॅमिकचं घेतलं, घर्षणांक ०.४ धरला, तर त्याच दाबात ३६०. पेडल हलकं राहिलं, पण पकड आता तुकड्यातुकड्याने येते, गाडी निघताना थरथरते, फ्लायव्हील खरवडलं जातं. कातडं वाळलं होतं तेव्हाचीच उडी! तिसरा मार्ग दोन चकत्यांचा. छान चालतो, पण खिसा रिकामा करतो.

आणि आता रस्ता. कारेगावहून पुण्याला निघा. शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली. समजा या वाटेवर दोनशे वेळा थांबून निघावं लागलं. तेराशे किलोची गाडी दहाच्या वेगापर्यंत नेताना साधारण पाच किलोज्यूल गाडीत जातात, आणि जवळजवळ तेवढेच क्लचमध्ये उष्णता होऊन जातात. दोनशे वेळा म्हणजे हजार किलोज्यूल. तीन लिटर पाणी उकळीला येईल एवढी आग त्या ताटलीएवढ्या चकतीत. हाफ क्लचवर रेंगाळलात तर आणखी. शर्यतीच्या गाडीचा क्लच एकदा सुटतो आणि मग बंदच राहतो. वाघोलीच्या रांगेतल्या क्लचची कसोटी वेगळी आहे, आणि शर्यतीचा माल या कसोटीसाठी बनलेलाच नाही.

अ‍ॅरिस्टॉटलने मध्यम मार्ग समजावताना मायलो या पहिलवानाचं उदाहरण दिलं आहे. दहा मिना अन्न फार, दोन थोडं, म्हणून प्रत्येकाला सहा वाढायचं असं नाही. सहा मायलोला कमी पडेल आणि नवशिक्याला जास्त होईल. मध्यम म्हणजे आकड्यांची सरासरी नव्हे, त्या माणसाला जे योग्य ते. 'स्टेज वन, टू, थ्री' ही विकणाऱ्यांची भाषा आहे. तिला कुठलं सर्वमान्य मोजमाप नाही, एकाचा टू तो दुसऱ्याचा वन. दुकानात स्टेज विचारूच नका. न्यूटन-मीटर विचारा, अस्तर कशाचं ते विचारा, हबमध्ये स्प्रिंगा आहेत का विचारा. आमच्या मते रोजच्या गाडीला, डायनोवर मोजून काढलेल्या इंजिन टॉर्कच्या पंधरा-वीस टक्के वर क्षमता पुरे. अस्तर ऑरगॅनिक, हब स्प्रिंगचा, आणि वाढ दाबातून घ्यावी. आमच्या उदाहरणात ३३७ म्हणजे २८० च्या वीस टक्के वर. तिथे थांबावं.

"जास्त मजबूत असला तर बिघडलं कुठे?" असं कुणी विचारेल. बिघडतं ते पुढे. क्लच थोडा घसरतो तेव्हा तो फ्यूजसारखं काम करत असतो. त्याने घसरणं सोडलं की तोच झटका गिअरबॉक्सच्या दात्यांवर आणि ड्राइव्ह शाफ्टवर जातो. ड्युअल मास फ्लायव्हील काढून एकसंध फ्लायव्हील बसवणाऱ्यांनाही हेच सांगणं: त्या जड चक्रातल्या स्प्रिंगा इंजिनाचे हिसके गिळत होत्या, आता आयडलला गिअरबॉक्स खडखडला तर नवल वाटून घेऊ नका. १ एप्रिल २०२० ला बीएस-सहा लागू झालं, त्या सुमारास फियाट नावाच्या गाड्या इथे बनायच्या थांबल्या. कारखाना जीप आणि टाटांच्या गाड्यांवर चालू राहिला. लिनियावाल्याने गिअरबॉक्स फोडून घेण्याआधी सुटे भाग कुठून आणणार याचा विचार केलेला बरा.

गिअरबॉक्स एकदा खाली उतरवला की मजुरी तीच, म्हणून रिलीज बेअरिंग त्याच वेळी नवं घाला, क्रँकचं मागचं ऑइल सील बघा, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासून घ्या. सील गळत असेल तर नव्या प्लेटलाही एरंडेल पाजल्यासारखंच होईल. पहिले काहीशे किलोमीटर पूर्ण बूस्ट देऊ नका, अस्तर बसू द्या.

आणि जुनी प्लेट मिस्त्रीकडून मागून घ्या. तेलाने काळी पडलेली आहे, की रिव्हेटपर्यंत झिजली आहे, की झिजलेली नाहीच, नुसती काचेसारखी चकाकते आणि फ्लायव्हीलवर निळे डाग आहेत, हे डोळ्यांनी पाहा. झिजली असेल तर वाहतुकीने खाल्ली. चकाकत असेल आणि निळे डाग असतील तर उष्णतेने भाजली. मग वाढीव टॉर्कवर ती सतत घसरत होती की पाय पेडलवर ठेवून चालवायची सवय आहे, ते ज्याचं त्याने आठवून पाहावं. सवय असेल तर नवा क्लचही तसाच जाईल. चला, आता प्रश्न घेऊ.