हरवलेल्या आकड्यांसाठी पत्र

कोकणात लाल विंचवाचा दंश म्हणजे एके काळी जिवावरचं दुखणं. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार आणि मग फुप्फुसांत पाणी. रत्नागिरी जिल्ह्याच्या सीमेपलीकडे महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरलं. 1986 साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे 2011 साली डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांची चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. 70 रुग्णांपैकी निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना जोडीला प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात 35 पैकी 8, दुसऱ्यात 32.

अशा निरनिराळ्या चाचण्या एकत्र तोलण्याला पद्धतशीर आढावा म्हणतात. तिथे अडचण येते ती अशी: एका निबंधात दहा तासांचा आकडा असतो, दुसऱ्यात बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ, तोही प्रमाण विचलनाशिवाय, म्हणजे आकडे किती विखुरलेले होते ते न सांगता. रुग्ण दंशानंतर किती तासांनी पोचला, हे तिसऱ्यात नसतंच. प्रतिविष लवकर मिळण्यावर सगळं अवलंबून असल्याने माझ्या मते हाच आकडा सर्वांत मोलाचा. निबंधात तो नसला तरी डॉक्टरांच्या नोंदवहीत असू शकतो. म्हणून आढावा करणारे मूळ लेखकाला पत्र लिहितात.

या रिवाजाचं मूळ जुनं आहे. 1904 साली संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसनने विषमज्वराच्या लशीचे आकडे एकत्र तपासले, त्यांत हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेचेही होते. ते सिम्पसन या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याने पुरवले होते. आकड्यांत इतकी तफावत निघाली की पिअरसनने नीट आखलेला नवा प्रयोग करा, असं सुचवलं.

पत्रांचा खरा धडाका 1980च्या दशकातला. बाळंतपणाविषयीच्या अप्रकाशित चाचण्या हुडकण्यासाठी ब्रिटिश संशोधक इयन चाल्मर्स आणि सहकाऱ्यांनी 18 देशांतल्या 42,000हून अधिक प्रसूतितज्ज्ञांना आणि बालरोगतज्ज्ञांना विचारणा केली. हाती 395 चाचण्या लागल्या. पण दोन वर्षांहून आधी संपलेल्या त्यांत फक्त 18! जुनी माहिती मागाहून विचारून मिळत नाही, ती सुरुवातीलाच नोंदवावी लागते, हे त्यातून लख्ख दिसलं. भारतात चाचण्यांची राष्ट्रीय नोंदणी 2007 साली सुरू झाली आणि 2009पासून सक्तीची झाली.

टॅमिफ्लू या फ्लूवरच्या औषधाचं प्रकरण तर प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकवायला हवं. 2009 साली केइजी हायाशी या जपानी बालरोगतज्ज्ञाने असे आढावे करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या टॅमिफ्लूवरील आढाव्याला हरकत घेतली: तुमचा निष्कर्ष दहा चाचण्यांच्या एका संकलनावर उभा आहे आणि त्यांतल्या आठ प्रसिद्धच झालेल्या नाहीत. आढाव्याचे प्रमुख टॉम जेफरसन यांनी त्या संकलनाच्या लेखकांकडे मूळ आकडे मागितले. ते त्यांच्यापाशी नव्हते, औषध बनवणाऱ्या कंपनीकडे होते. पाठपुराव्याला वर्षं लागली. सगळे अहवाल हाती येऊन नवा आढावा निघाला तो 2014 साली. त्यात रोगाची लक्षणं सुमारे अर्ध्या दिवसाने लवकर ओसरतात, एवढाच ठोस फायदा मोठ्यांवरच्या उपचारात उरला. तोवर अनेक सरकारांनी या औषधाचे प्रचंड साठे करून ठेवले होते.

रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विंचू, साप, लेप्टोस्पायरोसिस यांचे रुग्ण तिथल्या विद्यार्थ्यांसमोर येणारच. त्यांना आणि तालुक्यातालुक्यांतल्या डॉक्टरांना विनंती आहे: दंशाची वेळ आणि रुग्ण पोचल्याची वेळ दोन्ही लिहा, नोंदवह्या पावसाळ्यापासून जपा आणि कुणा अनोळखी संशोधकाने आकडे मागितले, तर रुग्णांची नावं वगळून ते जरूर पाठवा.